शस्त्राची पारख : मलिक-ए-मैदान ते सेल्फ-लोडिंग रायफल

१८५४ साली विजापुरात जुन्या, निरुपयोगी ठरलेल्या सरकारी मालाचा लिलाव झाला. सहा वर्षांपूर्वी साताऱ्याचे राज्य खालसा झाले होते आणि त्याबरोबर विजापूरही कंपनी सरकारकडे आले होते. साताऱ्याच्या कमिशनरांच्या हुकमाने विक्रीला काढलेल्या त्या मालात एक तोफ होती. तिची बोली १५० रुपयांवर थांबली. मामलेदाराला ही रक्कम फारच कमी वाटली. शिवाय लोकांची या तोफेवर भक्ती आहे, हेही त्याला ठाऊक होते. त्याने वरिष्ठांना तसे कळवले आणि विक्री रद्द झाली. मलिक-ए-मैदान आज विजापूरच्या बुरुजावर दिसते, ती एका मामलेदाराच्या हिशेबीपणामुळे.

या तोफेचे वजन सुमारे ५५ टन मानले जाते. म्हणजे बोलीचा दर टनाला तीन रुपयेही पडला नाही. बोली लावणारा मूर्ख होता असे मात्र नाही. त्याच्या दृष्टीने ती तोफ नव्हतीच. फोडायला कठीण आणि वाहून न्यायला त्याहून कठीण असा तो धातूचा डोंगर होता. फोडणावळ आणि गाडीभाडे वजा करून त्याने आपला आकडा सांगितला असणार. शस्त्राची किंमत आणि शस्त्राची पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या लिलावाइतके स्वच्छ क्वचितच दिसते. ही पारख कोण करू शकतो, कशाच्या बळावर करतो आणि ती चुकली तर भरपाई कोण करतो, असे तीन प्रश्न या लेखात तपासायचे आहेत. त्यांची सुरुवात अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून करावी लागते. कारण ही तोफ ओतली गेली ती तिथे.

नगरची ओतशाळा

तोफेवरच्या लेखात हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९, हे साल आहे. ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी. त्या वेळी नगरच्या गादीवर पहिला बुऱ्हाण निजामशाह होता. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातून आलेला. तोफा ओतण्याच्या विद्येत त्या काळी तुर्कांचा दबदबा होता आणि दख्खनचे सुलतान अशा कारागिरांना मानाने ठेवून घेत.

तोफेची लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, बाहेरचा व्यास पाच फुटांच्या आसपास आणि नळीचा व्यास दोन फूट चार इंच. एकोणिसाव्या शतकात तिच्या धातूचे पृथक्करण झाले, तेव्हा सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील असे प्रमाण निघाले. तोफेसाठी वापरायच्या काशात कथील साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. वीस टक्के हे घंटेचे प्रमाण. अशा धातूचा नाद चांगला येतो, तो कठीणही असतो, पण ठिसूळ. दारूच्या स्फोटाचा ताण घेताना ठिसूळ धातू वाकत नाही, तडकतो.

मग ही तोफ फुटली कशी नाही? उत्तर तिच्या मापांतच आहे. बाहेरच्या व्यासातून नळीचा व्यास वजा केला, तर दोन्ही बाजूंना सव्वा फुटाच्या आसपास जाड भिंत उरते. धातूचा दोष जाडीने भरून काढला गेला आहे. पण या उपायाने दुसरा दोष आला, तो म्हणजे वजन. परंड्याच्या किल्ल्यावर असलेली ही तोफ १६३२ मध्ये मुरार पंडिताने विजापूरला नेली. तिला ओढायला शेकडो बैल आणि हत्ती लागल्याचे परंपरा सांगते. शस्त्रातला एक गुण वाढवला की दुसरीकडे काहीतरी मोजावे लागते, हा पारखीचा पहिला धडा.

नव्या तोफेची परीक्षा करण्याच्या जुन्या रीती जगभर साधारण सारख्या होत्या. हातोडी मारून नाद ऐकायचा. फुटका नाद आला तर आत भेग आहे. आरशाने नळीत ऊन पाडून खळगे शोधायचे. नळीत पाणी भरून कुठे पाझरते का ते पाहायचे. शेवटी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा आणि आपण लांब उभे राहायचे. बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात आणखी एक सोय होती. ओतणारा त्याच शहरात, त्याच मालकाच्या पगारावर होता. दोष निघाला तर बोलवायला माणूस समोर होता.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत नगरच्या फौजेने ६०० तोफा तीन रांगांत मांडल्या आणि त्यांत तांब्याची नाणी भरून डागली, असे फिरिश्ता लिहितो. फिरिश्ता विजापूरला जाण्यापूर्वी नगरच्याच दरबारात होता. आकडा थोडा कमी धरला, तरी ज्या राज्याची स्वतःची ओतशाळा आहे तेच अशी मांडणी करू शकते, हे उघड आहे.

विकत घेणाऱ्याची अडचण

पुढच्या शतकात चित्र पालटले. शिवाजी महाराजांनी १६७३ च्या सुमारास फ्रेंचांकडून ८० तोफा आणि बंदुकांसाठी शिसे घेतल्याची नोंद मिळते. इंग्रजांकडेही मागणी होत असे. पण तोफा द्यायच्या की नाही, हे इंग्रज मालाच्या भावावर न ठरवता मोगलांशी असलेल्या संबंधांवर ठरवत. अशा बाजारात गिऱ्हाईक कितीही चोखंदळ असले, तरी त्याला समोर ठेवलेल्या मालातूनच निवड करावी लागते. ओतणारा समुद्रापार, दुरुस्तीची विद्याही समुद्रापार. हातोडी मारून नाद ऐकता येतो. पण ‘हे नको, असे करून दे’ म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी हाच पेच पुन्हा समोर आला, आणि या वेळी शस्त्र खांद्यावर मावणारे होते.

तीनशेतीन आणि त्यानंतर

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपला जवान चिनी फौजेला सामोरा गेला तो .३०३ ली-एनफिल्ड रायफल घेऊन. या रायफलीचा नेम उत्तम होता, पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागे. मॅगझिनमध्ये १० काडतुसे. समोरच्या सैनिकाकडे अर्धस्वयंचलित रायफल होती. तिच्यात गोळी सुटताना नळीतला थोडा वायू एका दट्ट्याला मागे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत बसते. सैनिकाने फक्त घोडा दाबत राहायचा. उंचावरच्या विरळ हवेत, बधिर बोटांनी बोल्ट ओढणाऱ्याला हा फरक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या पराभवाला इतरही अनेक कारणे होती, पण रायफल बदलायला हवी याबद्दल वाद उरला नाही.

पसंती बेल्जियमच्या फॅब्रिक नासियोनाल कंपनीच्या एफएएल या नमुन्याला मिळाली. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियानेही त्याचे आपापले अवतार स्वीकारले होते. हे निरनिराळे नमुने आपल्याकडे तपासले गेले. अशी रायफल तपासताना पाहायचे काय, याची यादी मोठी असते. किती अंतरावर नेम लागतो, हा त्यातला सर्वांत सोपा प्रश्न. चिखलात बुडवून, वाळूत घोळवून, भर पावसात ठेवून ती किती वेळा अडते? तापलेल्या नळीने नेम किती सरकतो? अंधारात, तेलाच्या एका चिंधीवर, जवानाला ती उघडून पुसता येते का? एका रायफलीचा भाग दुसरीत बसतो का?

एफएएलमध्ये वायूचे प्रमाण कमी-जास्त करणारी एक कडी आहे. रायफल मळली आणि अडू लागली, की ती फिरवून दट्ट्याला जास्त जोर देता येतो. ब्रिटिशांनी वाळवंटाच्या अनुभवावरून आतल्या सरकत्या भागावर खाचा पाडल्या, म्हणजे वाळू त्यांत साठेल आणि चाल अडणार नाही. अशा बारीकसारीक गोष्टी किमतीच्या कागदावर नसतात. त्या कळायला रायफल चिखलात घालावी लागते.

बेल्जियन कंपनीशी परवान्याची बोलणी जुळली नाहीत. तेव्हा पुण्याच्या आयुध संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज पाषाणला असलेल्या एआरडीईने, नमुने सुटे करून अभ्यासले आणि आपला आराखडा तयार केला. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात त्याचे उत्पादन झाले. ७.६२ मिलिमीटरची, २० काडतुसांच्या मॅगझिनची ही ‘१-ए-१’, जवानांच्या तोंडी नुसती ‘एसएलआर’. तिची घडण बेल्जियन आणि ब्रिटिश नमुन्यांचे मिश्रण होती. तिचे सगळे भाग यांपैकी कोणत्याच रायफलीत जसेच्या तसे बसत नसत. कंपनीच्या दृष्टीने ही नक्कल असेल. आपल्या दृष्टीने मात्र तपासणीचा खरा अर्थ इथे पूर्ण झाला. दुसऱ्याची वस्तू पूर्ण उघडून, कोणता भाग का आहे हे समजून घेतल्याशिवाय ती पुन्हा बनवता येत नाही.

रायफलीची किंमत म्हणजे नुसत्या रायफलीची किंमत नसते, हेही याच काळात स्पष्ट झाले. नवा बोअर म्हणजे नवे काडतूस. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा काडतुसांचा कारखाना १९६४ चा आहे. रायफल स्वस्त आणि काडतूस परदेशी, असा सौदा म्हणजे बैल विकत घेऊन चारा उसना आणण्यासारखे.

परीक्षेचा खर्च

चांगली पारख झालेले शस्त्रसुद्धा कायमचे चांगले राहत नाही. १९९०च्या दशकापासून लष्करात एसएलआरची जागा एआरडीईनेच आखलेली इन्सास घेऊ लागली. पोलिसांकडे मात्र जुनी शस्त्रे झिरपत खाली येत राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या हल्लेखोरांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती .३०३ होत्या. सेहेचाळीस वर्षांपूर्वी सीमेवर नापास झालेली रायफल तोवर फलाटावर नोकरीत होती. वेळेवर पुन्हा परीक्षा न घेणे हीही चुकलेली पारखच, आणि तिची भरपाई बहुधा सर्वांत खालच्या हुद्द्याचा माणूस करतो.

नगरचा परीक्षेशी असलेला संबंध संपलेला नाही. वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई, चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशाला, यांत्रिकी पायदळाचे केंद्र या संस्था तिथे आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये नगरजवळच्या के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्यातून लेझरने दिशा मिळणारे क्षेपणास्त्र डागून पाहिले गेले. ते बनवण्यात पुण्याची एआरडीई होती. बुऱ्हाण निजामशाहाच्या काळासारखे बनवणारा, तपासणारा आणि वापरणारा पुन्हा एका टापूत आले, असे म्हणता येईल.

पण डागून पाहायला जमीन लागते. के. के. रेंजच्या भोवती राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतली गावे आहेत, आणि सरावक्षेत्रासाठी आपली शेती जाईल ही धास्ती तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे बाळगली आहे. बाहेरून आलेले शस्त्र डोळे झाकून घेतले तर जवान किंमत मोजतो. घरी तपासून घ्यायचे तर रेंजच्या कडेचा शेतकरी मोजतो. दुसरी किंमत पहिलीपेक्षा कमी आहे हे मान्य करूनही ती शून्य धरता येत नाही. विजापूरच्या बोली लावणाऱ्याने गाडीभाडे हिशेबात घेतले होते आणि मामलेदाराने लोकांची भक्ती. शस्त्र घेणाऱ्या राज्याच्या हिशेबात दोन्ही रकाने असायला हवेत.