मोठ्या एसयूव्ही वाहनांतील टायरचा आकार आणि ॲक्सलचे गुणोत्तर

मोठ्या एसयूव्ही वाहनांना मूळ आकारापेक्षा मोठे टायर बसविण्याची प्रथा अमेरिकेत अनेक दशकांपासून रूढ आहे. खडकाळ वा चिखलाच्या मार्गावर अशा टायरचा उपयोग होतो, हे खरे असले तरी या एका बदलाचा परिणाम इंजिन, गिअरबॉक्स, वेगदर्शक आणि ब्रेक या सर्वांवर होतो. त्यांपैकी काही परिणाम ॲक्सलमधील दंतचक्रांची जोडी बदलून दूर करता येतात, तर काही त्यानंतरही कायम राहतात.

गुणोत्तर म्हणजे काय?

इंजिनाची गती गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टद्वारे ॲक्सलपर्यंत पोहोचते. तेथे पिनियन हे लहान दंतचक्र क्राऊन व्हील या मोठ्या दंतचक्रास फिरविते. क्राऊन व्हीलच्या दातांच्या संख्येस पिनियनच्या दातांच्या संख्येने भागले असता ॲक्सलचे गुणोत्तर मिळते. उदाहरणार्थ, ४१ आणि ११ दातांच्या जोडीचे गुणोत्तर ३.७३, तर ४१ आणि १० दातांच्या जोडीचे ४.१० असते. गुणोत्तराचा आकडा जितका मोठा, तितकी चाकांवरील ओढ अधिक. परंतु त्याच वेगासाठी इंजिनाला फेरेही अधिक घ्यावे लागतात.

टायरचा व्यास वाढल्यास याच्या उलट घडते. चाकाच्या एका फेरीत वाहन अधिक अंतर कापते, इंजिनाचे फेरे घटतात आणि ओढ कमी होते. म्हणूनच मोठा टायर बसविणे हे व्यवहारात ॲक्सलचे गुणोत्तर कमी करण्यासारखेच असते.

एक्सकर्शनचे उदाहरण

फोर्ड कंपनीची एक्सकर्शन ही एसयूव्ही अमेरिकेच्या बाजारात २००० ते २००५ या वर्षांच्या मॉडेलमध्ये उपलब्ध होती. सुमारे ५.७६ मीटर लांबीचे आणि तीन टनांहून अधिक वजनाचे हे वाहन प्रामुख्याने जड ट्रेलर ओढण्यासाठी पसंत केले जाई. ३.७३ आणि ४.३० ही त्यातील प्रचलित गुणोत्तरे होती. मूळ टायर २६५/७५ आर १६ या मापाचे असत. या मापातील पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा रुंदीच्या टक्केवारीत टायरच्या बाजूची उंची आणि शेवटचा रिमचा इंचांतील व्यास दर्शवितो. त्यानुसार मूळ टायरचा व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर येतो. त्याच्या जागी ३१५/७५ आर १६ हा टायर बसविल्यास व्यास सुमारे ८७९ मिलिमीटर, म्हणजे ९.३ टक्के अधिक होतो.

याचा अर्थ असा, की ३.७३ गुणोत्तराचे वाहन प्रत्यक्षात ३.४१ गुणोत्तराच्या वाहनाप्रमाणे चालू लागते. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या ०.७१ गुणोत्तराच्या चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटर वेगास इंजिन मिनिटाला सुमारे १७५० ऐवजी १६०० फेरे घेते. सपाट रस्त्यावर ही बचत वाटते. चढावर किंवा ट्रेलर ओढताना मात्र इंजिन भार पेलू शकत नाही, गिअरबॉक्स वारंवार तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये अदलाबदल करतो आणि त्यातील तेल तापते. गिअरबॉक्स अकाली निकामी होण्यामागे हे तापणे बहुधा कारणीभूत असते.

नव्या गुणोत्तराचा हिशेब सोपा आहे. मूळ गुणोत्तरास नव्या व्यासाने गुणावे आणि जुन्या व्यासाने भागावे. ३.७३ साठी उत्तर ४.०८ येते, म्हणजे ४.१० ची जोडी जवळपास मूळ स्थिती परत आणते. मूळ गुणोत्तर ४.३० असल्यास उत्तर ४.७० येते. अशा वेळी ४.५६ आणि ४.८८ या बाजारातील जोड्यांतून निवड करावी लागते. प्रामुख्याने महामार्गावरील प्रवासासाठी पहिली, तर जड ट्रेलरसाठी दुसरी अधिक योग्य ठरते.

प्रत्यक्ष काम

चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनात पुढील आणि मागील अशा दोन्ही ॲक्सलचे गुणोत्तर एकाच वेळी बदलणे अनिवार्य असते. केवळ मागील जोडी बदलून चारही चाकांची गती जोडल्यास दोन्ही ॲक्सल भिन्न वेगाने फिरू पाहतात. कोरड्या रस्त्यावर त्या ताणामुळे ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटू शकतो.

हे काम अचूकतेचे आहे. पिनियनची खोली पातळ पत्र्यांच्या चकत्यांनी, अर्थात शिमने, निश्चित केली जाते. दोन्ही चक्रांच्या दातांमधील मोकळीक साधारणतः ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात. दातांवर रंगीत लेप लावून ते एकमेकांवर नेमके कोठे टेकतात, हेही तपासले जाते. यात चूक झाल्यास ॲक्सलमधून घुरघुर ऐकू येते आणि दात लवकर झिजतात. जुनी बेअरिंग याच वेळी बदलणे हितावह असते. नवी जोडी बसविल्यावर सुरुवातीचे सुमारे ८०० किलोमीटर ट्रेलर न ओढता वाहन चालवावे आणि त्यानंतर ॲक्सलचे तेल बदलावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

वेगदर्शकातील फरक

टायर बदलल्यावर वेगदर्शक ताशी १०० किलोमीटर दाखवीत असताना वाहनाचा खरा वेग सुमारे १०९ असतो. गुणोत्तर बदलल्याने ही चूक दुरुस्त होते का, याचे उत्तर वेगाची नोंद कोठे घेतली जाते यावर अवलंबून आहे. संवेदक गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर असल्यास दोन्ही बदल एकमेकांची भरपाई करतात. तो चाकांवर किंवा क्राऊन व्हीलसोबत फिरणाऱ्या भागावर असल्यास चूक तशीच राहते आणि वाहनाच्या संगणकात टायरचे नवे माप नोंदवावे लागते. दुरुस्ती न केल्यास कापलेले अंतरही कमी नोंदले जाते आणि इंधनाचा खप प्रत्यक्षापेक्षा अधिक भासतो.

ब्रेक, भार आणि तोल

सुरक्षिततेच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. नवी दंतचक्रे इंजिनाची गमावलेली ओढ परत देतात. ब्रेकची गमावलेली शक्ती ती परत देऊ शकत नाहीत. ब्रेक चाकाच्या मध्याशी कार्य करतो. टायरची त्रिज्या वाढल्याने ब्रेकवर तेवढाच दाब दिला असता रस्त्यावर मिळणारे अवरोधक बल सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटते. शिवाय जड टायरची गती थोपविण्यासही अधिक शक्ती खर्च होते. चढ सहज चढणारे वाहन उतारावरही तितकेच सुरक्षित आहे, असा समज यामुळे धोकादायक ठरतो.

मोठा टायर अधिक भार वाहतो, हेही नेहमी खरे नसते. मूळ मापाच्या ई श्रेणीतील टायरचा भार निर्देशांक १२३, म्हणजे प्रत्येकी १५५० किलो असतो. ३१५/७५ आर १६ मापाच्या डी श्रेणीतील टायरचा निर्देशांक १२१, म्हणजे १४५० किलो इतकाच आहे. याखेरीज केवळ टायरमुळे वाहन सुमारे ३७ मिलिमीटरने उंचावते आणि त्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यामुळे तीव्र वळणावर उलटण्याची शक्यता वाढते.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा भिन्न ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा विहित केली. त्यामुळे टायर वा ॲक्सलमध्ये बदल करू इच्छिणाऱ्या वाहनधारकाने उत्पादकाने मान्य केलेली मापे पाहून घेणे आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आगाऊ विचारणा करणे आवश्यक ठरते.