गियरचा वाद : सायकलीच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्रांच्या इतिहासाविषयी सुशिक्षित लोकांत अशी एक समजूत आढळते की, साधनाची सुधारणा नेहमी त्याचा कठोरात कठोर उपयोग करणाऱ्या धंदेवाईक मनुष्याकडून होते, आणि हौशी मनुष्य मागाहून त्या सुधारणेचा उपभोग तेवढा घेतो. सायकलीच्या बाबतीत तर ही समजूत फारच दृढ आहे. शर्यतीतील वीर जे यंत्र वापरतात, तेच काही वर्षांनी रविवारी सकाळी गावाबाहेर फेरफटका करणाऱ्या गृहस्थाच्या घरी येते, हे आज दुकानोदुकानी दिसते. त्यामुळे पूर्वीही असेच झाले असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि डोंगराळ मुलुखात हिंडणाऱ्या सायकलस्वारास ज्याचे सर्वाधिक उपकार वाटावेत, त्या अवयवाचा, म्हणजे बदलत्या गियरचा, इतिहास पाहिला असता नेमके उलट चित्र दिसते. हा अवयव हौशी लोकांनी जोपासला. आणि जगातील सर्वांत विख्यात शर्यतीने त्यास सुमारे चौतीस वर्षे आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवले. असे का व्हावे आणि त्यात कोणाची बाजू न्याय्य होती, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वादाचा विषय काय होता हे स्पष्ट केले पाहिजे. उंच चाकाच्या जुन्या सायकलीत पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसास जोडलेले असे, त्यामुळे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याची ‘रोव्हर’ सायकल निघाली. तिचे मागचे चाक साखळीने फिरत असल्यामुळे फेऱ्यांचे हे प्रमाण कारागिराच्या हाती आले. पुढच्या दातेरी चाकास ४४ व मागच्यास २० दाते असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.२ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर धरल्यास सायकल सुमारे ४.६ मीटर पुढे जाते. सपाटीवर हे प्रमाण उत्तम होय. परंतु चढण लागली की तेच पायांस असह्य होते. उलट पुढे २८ व मागेही २८ दाते असतील, तर एका फेऱ्यात २.१ मीटरच अंतर तुटते, पण पायावरील भारही निम्म्याहून कमी होतो. चढ चढण्यास लागणाऱ्या कामाची बेरीज यामुळे घटत नाही. ती पायास पेलतील अशा लहान हप्त्यांत वाटली जाते, एवढेच. ओझे एकदम न उचलता चार खेपांत वाहून नेणाऱ्या हमालास कोणी आळशी म्हणत नाही. गियर बदलण्याची सोय म्हणजे हे हप्ते रस्ता पाहून लहानमोठे करण्याची मुभा होय.

ही मुभा मिळविण्याच्या खटपटीत ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत पोल द विवी या फ्रेंच गृहस्थाचे नाव अग्रभागी आहे. त्याचा जन्म १८५३ साली दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. आरंभी तो रेशमाचा व्यापारी होता. १८८७ साली तो व्यवसाय सोडून त्याने सेंट-एतियेन शहरी सायकलींचे दुकान काढले व त्याच वर्षी एक सायकलविषयक नियतकालिकही सुरू केले; ते पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्धीस आले. त्यात तो ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिही. सेंट-एतियेन हे शहर या कार्यास दोन कारणांनी अनुकूल होते. एक तर तेथे बंदुका व धातूकाम यांचे कारखाने असून कुशल कारागिरांस तोटा नव्हता. आणि दुसरे असे की, शहराची वेस ओलांडताच दक्षिणेकडील रस्ता ११६१ मीटर उंचीच्या ‘कोल द ला रेप्युब्लिक’ या खिंडीकडे चढू लागतो. ज्याच्या दारातच घाट आहे त्यास गियरची गरज समजावून सांगावी लागत नाही. बोरघाट पायाखाली घातलेल्या आमच्याकडील सायकलस्वारांस हे सांगणे नलगे.

वेलोसियो आणि त्याचे सोबती यांस शर्यत जिंकावयाची नव्हती. दिवसभर, प्रसंगी रात्रभरही, प्रवास करावा, डोंगर ओलांडावेत, देश पाहावा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या उद्योगास लागण्याइतके ताजेतवाने राहावे, एवढीच त्यांची आकांक्षा. नियतकालिकाचे वाचक आपापल्या सफरींची हकीकत लिहून पाठवीत. दात्यांचे प्रमाण, टायरची रुंदी, आहार, तेलपाणी यांची त्यात तपशीलवार चर्चा चाले. आरंभी साखळी हाताने एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर चढवावी लागे. पुढे नाना युक्त्या निघाल्या. याच शहरातील कारखान्यात होणाऱ्या ‘इरोंदेल’ सायकलीच्या एका प्रकारात पेडल सरळ फिरविले असता मोठा गियर लागे आणि उलट फिरविले असता लहान. तरीही सायकल पुढेच जाई! साखळीस एका चाकावरून ढकलून शेजारच्या चाकावर नेणारे ‘डिरेलर’ हे यंत्र अशाच प्रयोगांच्या परंपरेतून आकारास आले.

१९०२ साली फ्रान्सच्या तूरिंग क्लबाने पिरनीज पर्वतात बदलत्या गियरच्या सायकलींची परीक्षा घेतली. तीत मार्थ हेस नावाच्या स्त्रीने तीन गियरच्या सायकलीवरून पाय जमिनीस न लावता तूरमालेची खिंड सर केली, असे वृत्तान्त सांगतात. परंतु या परीक्षेने ज्याचे मतपरिवर्तन व्हावयाचे, तो मात्र बधला नाही. आंरी देग्रांज हा स्वतः नामांकित सायकलपटू होता. १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर तोडून त्याने विक्रम केला होता. आता तो ‘लोटो’ या क्रीडापत्राचा संपादक होता. त्याच्या प्रतिपादनाचा आशय असा की, बदलता गियर पंचेचाळिशी उलटलेल्यांस शोभतो. जय मिळवावयाचा तो स्नायूंच्या बळावर, यंत्राच्या करामतीवर नव्हे. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९०३ साली, याच पत्राने ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली आणि देग्रांजचे मत हाच तिचा कायदा झाला.

देग्रांजच्या मतात तथ्य नव्हते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शर्यत ही माणसामाणसांतील तुलना आहे. एकाच्या कारखानदाराने उत्तम युक्ती शोधली व दुसऱ्याच्याने शोधली नाही, तर निकाल कारखान्यांचा लागेल, माणसांचा नाही, ही त्याची भीती निराधार नव्हती. शिवाय त्या काळचे डिरेलर नाजूक असत. चिखलधुळीत ते अडकत, साखळी पडे. परंतु तत्त्वाचा आग्रह एकदा अभिमानाशी जोडला गेला की तो कोठवर जातो, हे पुढील दोन प्रसंगांवरून दिसून येईल.

पहिला प्रसंग १९१० सालचा. त्या वर्षी शर्यत प्रथमच पिरनीजच्या उंच खिंडींवरून नेण्यात आली. लुशों ते बायोन हा ३२६ किलोमीटरांचा टप्पा. वाटेत २११५ मीटर उंचीची तूरमाले. आठ वर्षांपूर्वी जी खिंड एका हौशी स्त्रीने गियरच्या साह्याने न उतरता ओलांडल्याचे सांगतात, तेथे फ्रान्समधील निवडक वीरांवर सायकल हाताने ढकलीत चालण्याची पाळी आली. ग्युस्ताव्ह गारिगू याने न उतरता ती चढण पार केली, म्हणून त्यास १०० फ्रँकांचे खास पारितोषिक मिळाले. त्या टप्प्याचा आणि पुढे शर्यतीचाही विजेता ऑक्ताव्ह लापीझ याने वाटेत चालकांस उद्देशून ‘खुनी’ असा शब्द उच्चारला, तो इतिहासात नमूद झाला आहे.

दुसरा प्रसंग १९१३ सालचा, आणि तो अधिक बोलका आहे. एजेन क्रिस्तोफ हा त्या वर्षी विजयाच्या उमेदवारांत गणला जात होता. तूरमाले उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. स्पर्धकाने दुरुस्ती स्वतःच केली पाहिजे, असा नियम होता. तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक चालत सेंत-मारी-द-कांपां या खेड्यात आला, एका लोहारशाळेत शिरला आणि अधिकाऱ्यांच्या नजरेखाली त्याने चिमटा स्वतःच्या हाताने जोडला. या खटाटोपात त्याचे कित्येक तास गेले व विजयाची आशा संपली. इतके होऊनही, भाता ओढण्यास एका मुलाने हात लावला म्हणून त्यास १० मिनिटांचा दंड झाला. तो मागाहून ३ मिनिटांवर आणला गेला. क्रिस्तोफने तो टप्पा पुरा केला आणि शर्यतही पुरी केली. त्याच्या धैर्यापुढे कोणीही मान लववील. परंतु माणसाचे धैर्य थोर म्हणून ज्या नियमाने ते पणास लावले तो नियमही थोर ठरतो काय? आमच्या मते दोहोंची गल्लत करणे हाच या साऱ्या प्रकरणातील दोष आहे. विशेष हे की, त्याच १९१३ साली पॅरिसजवळ शांतलू येथे बदलत्या गियरच्या प्रसारासाठी चढणीच्या रस्त्यावर एक निराळीच शर्यत सुरू झाली होती.

यानंतरही ‘तूर’मध्ये धावणारे मागील चाकाच्या दोन्ही अंगांस निरनिराळ्या दात्यांची चक्रे लावीत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक काढून उलटे बसवीत. इटलीतील तुल्लिओ कांपान्योलो याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, १९२७ साली बर्फाळ घाटात गारठलेल्या बोटांनी चाकाच्या चाव्या सुटेनात, म्हणून त्याची शर्यत हातची गेली. आणि त्या अनुभवातून चाक क्षणात सोडविणारी दांडी त्यास सुचली. अखेर प्रकृतीच्या कारणाने देग्रांजने १९३६ साली सूत्रे झाक गोद्दे याच्याकडे दिली आणि १९३७ साली डिरेलरला परवानगी मिळाली. त्या वर्षीचा विजेता रोझे लापेबी डिरेलर लावलेल्या यंत्रावर धावला. वेलोसियो मात्र हे पाहण्यास उरला नव्हता. १९३० साली सेंट-एतियेनच्या रस्त्यात ट्रामचा धक्का लागून त्याचा अंत झाला होता. शर्यत त्यामुळे निःसत्त्व झाली काय? मुळीच नाही. गियर सर्वांसच मिळाल्यावर तुलना पुन्हा माणसांचीच राहिली, वेग वाढला आणि घाटातली चुरस अधिकच रंगली.

या इतिहासाचा बोध आजच्या हौशी वाचकांसही लागू आहे. आज प्रवाह उलटा झाला असून हौशी मनुष्य शर्यतवाल्याचे अनुकरण करतो. अरुंद टायर, कमरेत वाकविणारी बैठक आणि आपल्या पायांस न झेपणारे मोठे गियर तो केवळ प्रतिष्ठेपायी पत्करतो. रुंद व लवचीक टायरांचा वेलोसियोने पुरस्कार केला होता. शर्यतवाले अलीकडे पुन्हा रुंद टायरांकडे वळले आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अभिमानापायी पेडल मारू नये, या आशयाचा एक नियमच त्याने आपल्या अनुयायांस घालून दिला होता.

मात्र सोयीबरोबर जबाबदारीही येते. गियरची सायकल एकसुरी सायकलीहून अधिक निगा मागते. साखळी पुसून कोरडी करावी, मग बेताचे तेल द्यावे, वरचे तेल पुन्हा पुसून टाकावे. अर्ध्या इंचाच्या २४ कड्यांची लांबी १२ इंच भरली पाहिजे. ती एक षोडशांश इंचाने वाढली असता साखळी बदलावी, नाहीतर ती दातेही झिजवून टाकते. क्रिस्तोफने लोहारशाळेत दाखविलेले स्वावलंबन खऱ्या अर्थाने येथे उपयोगी पडते. आपले यंत्र आपण जाणावे, त्याची निगा आपल्या हाताने करावी आणि चढण आली असता लहान गियर लावण्यास लाजू नये. श्रमाची प्रतिष्ठा श्रम निष्कारण वाढविण्यात नाही; तो श्रम माणसास कोठवर घेऊन जातो यात आहे, असे आम्हांस वाटते.