सुप्याच्या बाजारात जळालेले कागद : १८७५ आणि दख्खनच्या कुळांचे कर्ज

१/
दिनांक १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजाराचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतील कुणबी नेहमीप्रमाणे आले. परंतु त्या दिवशी ते खरेदीसाठी आले नव्हते. त्यांनी गुजर आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, वह्या, रोखे आणि गहाणखते बाहेर काढली व रस्त्यावर त्यांची होळी केली. धान्याची दुकाने लुटली गेली, एक घरही पेटले.

२/
हे सुपे म्हणजे शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतील सुपे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. नगर रस्त्यावरील, पारनेर तालुक्यातील सुपे निराळे. दोहोंची गल्लत पुस्तकांतूनही झालेली आढळते.

३/
पुढील काही आठवड्यांत भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर, हवेली आणि नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांतील तीसहून अधिक गावांत हेच घडले. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. इतिहासात हे प्रकरण ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखले जाते. मात्र या दंग्यांचे एक वैशिष्ट्य तत्कालीन अधिकाऱ्यांनाही बुचकळ्यात टाकणारे होते. सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले की जमाव बहुधा परत फिरे. शारीरिक इजा फार थोड्यांना झाली. लोकांना माणूस नको होता, कागद हवा होता.

४/
का? एखादा शेतकरी कर्जात बुडाला, तर ते कर्ज त्याने काढले होते. अंगठा त्याचाच होता. मग राग कागदावर का निघावा? हा प्रश्न आजही कर्जाच्या प्रत्येक चर्चेत निराळ्या रूपाने येतो, म्हणून या प्रकरणाकडे जरा सावकाशीने पाहू.

५/
प्रथम एक गैरसमज दूर करू. पेशवाईत शेतकरी सुखी व कर्जमुक्त होता आणि इंग्रज आल्यावर तो कर्जात गेला, असे चित्र रंगवले जाते. ते खरे नाही. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात रयतेच्या कर्जबाजारीपणाचा उल्लेख आहे. डॉ. थॉमस कोट्स याने त्याच सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाची बारकाईने पाहणी केली, तेव्हा तेथील बहुतेक कुटुंबे सावकाराची देणेकरी होती. कर्ज जुनेच होते. बदलले ते सावकाराच्या हातातील हत्यार.

६/
पूर्वी सावकाराकडे वसुलीचे मार्ग कोणते होते? तगादा लावणे, दारात धरणे धरून बसणे, पंचायतीत जाणे, पाटलाची मनधरणी करणे. मिराशी जमीन सावकाराच्या घशात सहजासहजी जात नसे. कारण गाव तसे होऊ देत नसे आणि गावाशिवाय सावकाराचे पान हलत नसे. सावकार लबाड नव्हता असे नव्हे. त्याला मर्यादेत राहणे भाग होते, इतकेच. कुळ मेले तर आपलेही बुडेल, हे तो जाणून होता.

७/
इंग्रजी अमलात दोन गोष्टी एकत्र आल्या. रयतवारी पद्धतीने शेतसारा थेट प्रत्येक खातेदारावर बसला, तो रोख रकमेत आणि ठरलेल्या हप्त्याला भरायचा. जमीन विकता येण्याजोगी, गहाण टाकता येण्याजोगी मालमत्ता झाली. सरकारने शेतकऱ्याला जणू पत मिळवून दिली. आणि दुसरीकडे दिवाणी न्यायालये आली. तेथे मुन्सफासमोर रोखा ठेवला की पुढचे काम कागदच करी. कुळ मैलोन्मैल चालत तालुक्याला जाऊन वकील देणार कुठून? बरेचसे हुकूमनामे एकतर्फीच होत.

८/
आता मुद्दा व्याजाचा. व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा १८५५ मध्ये उठली. तरी आपल्याकडे ‘दामदुपट’ हा जुना नियम होता : एका वेळी मागायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये. पुढे १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या रोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, असे त्यात ठरले. व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये, हा हेतू. हेतू चांगलाच होता.

९/
परिणाम मात्र उलटा झाला. तीन वर्षे पुरी होण्याच्या सुमारास सावकार कुळाला बोलावी आणि म्हणे, मुदत संपते आहे, एक तर पैसे आण, नाही तर नवे-जुने कर. नवे-जुने करणे म्हणजे थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिणे. हा शब्दप्रयोग आजही गावोगावच्या सोसायट्यांत आणि बँकांत रूढ आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच.

१०/
हिशेब करून पाहू. उदाहरण काल्पनिक, पण गणित खरे. शंभर रुपयांचे कर्ज, दरमहा शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४ रुपये व्याज. तीन वर्षांत व्याज झाले ७२. नवा रोखा १७२ रुपयांचा. पुढील तीन वर्षांनी तो सुमारे २९६ रुपयांचा होतो. नवव्या वर्षी सुमारे ५०९. बाराव्या वर्षी सुमारे ८७५. या काळात कुळाने एक पैसाही नव्याने उचललेला नाही.

११/
दामदुपटीचे काय झाले? प्रत्येक नव्या रोख्यात जुने व्याजच मुद्दल बनत असल्यामुळे नियम कागदावर कधी मोडतच नव्हता. एकाच रोख्यावर कर्ज तसेच पडून राहिले असते, तर दामदुपटीने ते दोनशे रुपयांवर थांबले असते. रयतेच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने रयतेचे जुने कवच नकळत काढून घेतले. चौकशी आयोगापुढे असेही एक प्रकरण आले होते की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले होते.

१२/
आता निवडीकडे वळू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंदांच्या काळातील बॅकबेच्या शेअरांची कथा सर्वांना परिचित आहे. भीमथडी-इंदापूरचा कोरडवाहू मुलूख मुख्यत्वे ज्वारी-बाजरीचा. कापसाचा खरा प्रदेश खानदेश आणि वऱ्हाड. तरीही तेजी येथवर पोहोचली. धान्य महाग झाले, बोरघाटाच्या आणि त्यापुढच्या लोहमार्गावर मजुरी मिळाली, गाडीवानांना भाडे मिळाले. सावकाराला कुळाची पत एकाएकी वाढलेली दिसू लागली.

१३/
अशा वेळी कुणब्याने काय करावे? बैलजोडी बदलली, विहिरीचे काम काढले, पडीक जमीन लागवडीला घेतली, लेकीचे लग्न जरा थाटात केले. यांपैकी कोणता निर्णय मूर्खपणाचा होता? भाव टिकतील असे मुंबईचे शेठही समजत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. शेठ बुडाले ते मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून आले. कुळ बुडाले ते फक्त सावकाराच्या वहीत नोंदले गेले.

१४/
आणि नेमक्या याच वेळी तीस वर्षांची पहिली जमाबंदी संपली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून जी मोजणी सुरू केली होती, तिची फेरतपासणी १८६७ च्या आसपास आली. नवा शेतसारा तेजीच्या वर्षांकडे पाहून ठरला. कोठे निम्म्याने, कोठे त्याहून अधिक वाढ झाली. धान्याचे भाव उतरत होते आणि सारा चढत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठवला. १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या, पण तोवर सावकाराने हात आखडता घेतला होता. ज्याच्या भरवशावर हप्ता भरायचा, तोच आता नवे कर्ज देईना, जुने मात्र मागू लागला.

१५/
डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडावयास लावले. देशमुखाचे घर पडणे म्हणजे गावाचीच अब्रू जाणे. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. कोणी त्यांची शेते कसेना, पाणी भरेना, हजामत करीना. काही गावांनी तर बहिष्काराचे लेखी करार केले. कागदाने गांजलेल्या लोकांना एकमेकांना बांधून घेण्यासाठी कागदच सुचला, ही गोष्ट मला नेहमी लक्षणीय वाटत आली आहे.

१६/
येथे एक अडचणीची बाब सांगितली पाहिजे. सावकारी ब्राह्मणांची होती, इतर जातींतील सधन मंडळींचीही होती. तथापि हल्ले झाले ते जवळपास सर्व मारवाडी आणि गुजर सावकारांवर. आयोगानेही हे नोंदवले आहे. परका सावकार गावाच्या नात्यागोत्याबाहेरचा होता. कागद दोघांचेही सारखेच जाचक होते, पण जळले ते एकाचेच. या दंग्यांना निव्वळ न्यायाचा लढा म्हणताना ही गोष्ट झाकून चालणार नाही.

१७/
सरकारने सप्टेंबर १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला. १८५७ विसरण्याइतका काळ लोटलेला नव्हता. दप्तरात आधीपासून एक तयार उत्तर होते : कुणबी उधळ्या आहे, ऋण काढून सण करतो, लग्नात पैसा उडवतो आणि मग सावकाराच्या नावाने बोटे मोडतो. हे मत केवळ साहेबांचे नव्हते. पुण्यामुंबईचे शिकलेले लोकही तसेच बोलत.

१८/
आयोगाने वह्या तपासल्या आणि या समजाला धक्का दिला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा : लग्नखर्च कुळाच्या ऐपतीच्या मानाने जास्त असतो खरा, पण तो प्रसंग आयुष्यात क्वचित येतो. अनेक वर्षांवर विभागला तर तो कोणत्याही संसारी माणसाने करावा इतकाच भरतो. कर्जाचा गाभा लग्नात क्वचितच सापडतो. तो सापडतो तो पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी आणि सरकारच्या हप्त्यासाठी पुन्हा पुन्हा उचललेल्या लहान लहान रकमांत.

१९/
लग्नाचे कर्ज डोळ्यांत भरते, कारण त्याला मांडव असतो, वाजंत्री असते. ज्येष्ठात उचललेल्या दोन पायली बियाण्याला वाजंत्री नसते. गावाला ते दिसत नाही, साहेबाला तर मुळीच नाही. वहीला मात्र दिसते. पाहणी केलेल्या गावांत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले आढळले. त्यांचे कर्ज सरासरीने वार्षिक शेतसाऱ्याच्या अठरा पट होते आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश रकमेसाठी जमीन गहाण पडलेली होती.

२०/
मात्र शेतसाऱ्याचा प्रश्न आला तेथे आयोगाची लेखणी अडखळली. मुख्य दोष सावकारावर आणि न्यायालयाच्या पद्धतीवर गेला, सरकारी मागणीवर नाही. आयोगातील ऑकलंड कॉल्विन यांनी मात्र वेगळे टिपण जोडून शेतसाऱ्याच्या पद्धतीकडे बोट दाखवले. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने सरकारला निर्दोष ठरवावे, यात आश्चर्य ते काय! या अहवालाचे वाचन करताना तो कोणी आणि कोणासाठी लिहिला हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही लग्नखर्चाविषयीचा त्याचा निष्कर्ष मला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो लिहिणाऱ्यांच्या वर्गाच्या पूर्वग्रहाविरुद्ध जातो.

२१/
इतिहासकारांत दंग्यांच्या महत्त्वाविषयी मतभेद आहेत. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले की या दंग्यांचे स्वरूप फुगवून सांगितले गेले. प्रत्यक्षात ते मर्यादित आणि विखुरलेले होते. गावांची संख्या पाहता या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु तीसेक गावांतील जाळपोळीने कायदा बदलला, हेही तितकेच खरे.

२२/
तो कायदा म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. सावकाराने पावती व हिशेब दिला पाहिजे, असे ठरले. जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर ती कर्जासाठी विकता येईना. दाव्याची मुदत वाढवली. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, न्यायाधीशाने केवळ शेवटच्या रोख्याकडे न पाहता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन पहिले मुद्दल किती होते ते शोधावे, अशी तरतूद झाली. सुप्याला जे आगीने साधायचे होते, ते आता मुन्सफाने लेखणीने करायचे होते.

२३/
सावकारांनी यातूनही वाट काढली. गहाणखताच्या मुळाशी न्यायालय जाते ना? मग गहाणखत लिहायचेच नाही. ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. पैसे फेडलेस की जमीन परत देईन, हे वचन तोंडी राही. शेतकऱ्याला ते ठाऊक असे, सावकाराला ठाऊक असे आणि साक्षीदारांनाही ठाऊक असे. कागदावर मात्र जमीन विकलेली असे. जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते, ती हीच वर्षे.