सोमलापासून रोजच्या गोळीपर्यंत



गावाकडून मुंबईला उपचारासाठी आलेली माणसं ठाण्यात, नौपाड्यात नातेवाइकांकडे उतरतात. सकाळी ठाणे स्टेशनवर लोकल धरायची आणि परळला उतरून टाटा हॉस्पिटल गाठायचं. त्यांतल्या काहींना सीएमएल असतो. हा हळूहळू वाढणारा ब्लड कॅन्सर. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, डाव्या बरगडीखालची पाणथरी सुजते.

या आजारावर सुरुवातीला काय देत, माहीत आहे? सोमल! हो, तेच जहर. इंग्लंडच्या डॉ. थॉमस फाउलर यांनी १७८६ मध्ये सोमलाचं पातळ औषध थंडीतापासाठी पुढे आणलं. १८६५ मध्ये लिसाउअर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तेच सीएमएलच्या रुग्णाला दिलं आणि उतार पडला. तापाच्या औषधाला नवं काम मिळालं. पण गुण टिकत नसे, आणि जहर ते जहरच.

खरा दिलासा २००१ मध्ये आला. इमॅटिनिब ही गोळी रोज घरीच घ्यायची. पण नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिवेक’चा महिन्याचा खर्च होता सुमारे १ लाख २० हजार रुपये. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळे. नोव्हार्टिसला पेटंट मिळालं, तर ही स्वस्त गोळी बंद होईल, अशी भीती होती.

तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था रुग्णांच्या बाजूने उभी राहिली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी वर गेली. १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानेही नकारच दिला. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं: माहीत असलेल्या औषधाचं रूप नुसतं बदललं, गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. जुन्या औषधाचा नुसता नवा उपयोग सापडला, तरीही नाही.

म्हणजे उद्या एखादं जुनं, स्वस्त औषध या आजारावर लागू पडलं, तर केवळ त्या नव्या उपयोगावर कुणा एकाला हक्क सांगता येणार नाही.

एवढं लक्षात ठेवा. गोळी चालू असेल, तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. आणि ‘जुना उपाय आहे’ म्हणत कुणी सोमलाची पुडी दिली, तर घेऊ नका. औषध जुनं असो वा नवं, ते तपासलेलं हवं आणि गरिबाच्या हाती पोचणारं हवं.