शेवटच्या कडव्यातले नाव

मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी घराणी मोजली, नाट्यपदे मोजली, भावगीतांचा कालखंड ठरवला. कोणत्या गायकाची पहिली तबकडी कोणत्या साली निघाली याची त्यांनी काळजीपूर्वक नोंद केली. परंतु ज्या गाण्यांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत महाराष्ट्रातील वस्त्या जागवल्या, शिकवल्या आणि मोर्च्यात चालवल्या, त्या गाण्यांच्या वाट्याला या इतिहासात फार तर एखादा परिच्छेद येतो. तोही 'लोकगीते' या मथळ्याखाली. लोकगीत म्हटले की कर्ता पुसला जातो, साल पुसले जाते. जणू ही गाणी कोणी लिहिलीच नाहीत; पहिल्या पावसानंतरच्या तरोट्यासारखी ती आपोआप उगवली!

प्रस्तुत लेखात मला एकच प्रश्न विचारायचा आहे. ज्या समाजातील कलावंतांची नावे कोणी लिहून ठेवत नव्हते, त्यांनी आपले नाव कोठे ठेवले? आणि तबकडी, कॅसेट व पुढे अल्बम आल्यावर त्या नावाचे काय झाले?

मी मुकुटबनची. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी जामणी तालुक्यातले हे गाव. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. कापसाचा मुलूख, आजूबाजूला कोलामांचे पोड, बाजारात मराठीबरोबर कानावर पडणारी तेलुगू. आमच्याकडे नामवंत गायक क्वचितच येत; त्यांचे आवाज मात्र येत. १९९० च्या दशकात आमच्या वस्तीत पुस्तके असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती, पण कॅसेटचा डबा बऱ्याच घरांत होता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबासाहेबांच्या चरित्रातले पहिले प्रसंग मला पाठ्यपुस्तकाच्या आधी या कॅसेटांनी सांगितले.

आज इतिहासाची शिक्षिका म्हणून मी त्याच कॅसेटांकडे साधन म्हणून पाहते. वेष्टनाच्या कागदावर गायकाचे छायाचित्र आहे, कंपनीचे चिन्ह आहे, किंमत आहे. कित्येकांवर साल नाही, कवीचे नाव नाही. वणीहून कोऱ्या कॅसेटवर भरून आणलेल्या गाण्यांवर तर बॉलपेनने 'भीमगीते' एवढेच लिहिलेले. इतिहासाच्या परिभाषेत हे निनावी साधन ठरते. पण कॅसेट लावावी आणि शेवटच्या कडव्यापर्यंत थांबावे. तेथे कवी स्वतः येऊन उभा राहतो आणि आपले नाव सांगतो: वामन.

ही पद्धत जुनी आहे. चोखोबांच्या अभंगात शेवटी 'चोखा' येतो. सोयराबाई तर स्वतःला चोख्याची महारी म्हणवते, म्हणजे नवऱ्याच्या नावाबरोबर जातही सहीत लिहिते. १३३८ साली मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा त्याखाली गाडले गेले, असे परंपरा सांगते. भिंत बांधणाऱ्या मजुरांची यादी कोणी केली नाही. चोखोबांचे नाव उरले ते अभंगाच्या शेवटच्या चरणात. मुद्रा सर्वच संतांनी वापरली हे खरे. पण ज्याच्या हाती लेखणी देणेच पाप मानले गेले, त्याला सही करायला दुसरी जागाच नव्हती.

आंबेडकरी जलशाने १९३० च्या दशकात तमाशाचा साचा घेतला, त्यातली गण-गौळण बाजूला केली आणि चळवळीचा विचार वस्तीत नेला. भीमराव कर्डकांचे नाव यात अग्रभागी आहे. याच परंपरेतून वामनदादा कर्डक पुढे आले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख त्यांना मुंबईत प्रौढपणी झाली. त्यानंतर हा माणूस गावोगाव फिरला, कार्यकर्त्यांच्या झोपडीत राहिला, तेथेच गाणी लिहिली आणि तेथेच गायिली. पुढे त्यांच्या गीतांचा संग्रह निघाला, त्याचे नाव 'हे गीत वामनाचे'. शेवटच्या कडव्यातली सही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आली. हा प्रवास लहान नाही.

वामनदादांची गाणी ज्या गळ्यांनी घराघरांत नेली, त्यांत प्रल्हाद शिंदे यांचा गळा मोठा. त्यांचा जन्म १९३३ सालचा. शिंदे घराणे मंगळवेढ्याचे, म्हणजे चोखोबांच्याच गावचे. प्रल्हाद शिंदे भीमगीते गात, कव्वालीच्या सामन्यात उतरत, लोकगीते गात. परंतु सबंध महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते विठ्ठलाच्या भक्तिगीतांमुळे. ध्वनिमुद्रिकांचा व्यवहार त्या काळी मोजक्या कंपन्यांच्या हाती होता. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. रात्रभर चालणारा सामना त्यात मावणे शक्यच नव्हते. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे गायक ठरवीत नसे. ज्याचा खप अधिक, ते मुद्रित होई.

आपल्यापैकी काहींनी प्रल्हाद शिंदे यांना या भक्तिगीतांबद्दल दोष दिला आहे. धम्मदीक्षेनंतर विठ्ठल कशाला, असा तो प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही, पण पत्ता चुकीचा आहे. गाणे हा त्यांचा श्रम होता आणि श्रमाचे गिऱ्हाईक त्यांनी निर्माण केलेले नव्हते. मला या घटनेतले दुसरेच सत्य अधिक बोचते. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्यानंतरही गावोगावच्या देवळांच्या पायऱ्या आपल्यासाठी मोकळ्या झाल्या नाहीत. अशा देवळांच्या भोंग्यांवरून मात्र प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पहाटे वाजत राहिला. तबकडीवरच्या आवाजाची जात ऐकू येत नाही. आवाजाला विटाळ नव्हता; ज्या देहातून तो निघाला त्या देहाला होता. या व्यवस्थेने आवाज घेतला आणि माणूस बाहेर ठेवला.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी ढिली पडली. तबकडीचा कारखाना उभारायला मोठे भांडवल लागे. कॅसेटची नक्कल करायला दोन यंत्रे पुरत. यामुळे दोन गोष्टी एकदम झाल्या. मुकुटबनसारख्या गावापर्यंत भीमगीते पोचली, हा लाभ. भरून दिलेल्या प्रत्येक प्रतीबरोबर कवी, संगीतकार, ढोलकीवाला यांची नावे गळत गेली, हा तोटा. नक्कल करणारा सर्व काही गाळू शके. शेवटचे कडवे मात्र गाळू शकत नसे. तेवढे नाव वाचले.

हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून आपण काळ्यांच्या साहित्याकडे नात्याने पाहत आलो. त्यांच्या गाण्यांकडे मात्र तितके लक्ष दिले नाही. माझे विद्यार्थी मोबाईलवर 'रेगेटॉन' नावाचे स्पॅनिश गाणे ऐकतात, त्याच्या ठेक्यावर लग्नात नाचतात. ते कोठून आले हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

ते कालव्यातून आले. पनामा कालवा अमेरिकेने १९०४ ते १९१४ या काळात बांधला. तो खणायला बार्बाडोस, जमैका वगैरे बेटांवरून काळे मजूर आणले. गोऱ्यांना पगार सोन्याच्या नाण्यात, काळ्यांना चांदीच्या. दोघांच्या रांगा, दुकाने, वस्त्या वेगळ्या. आपल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. या मजुरांच्या वंशजांनी जमैकाचे रेगे स्पॅनिश भाषेत गायिले. पुढे १९९० च्या दशकात प्युर्तो रिको बेटावरील सरकारी चाळींत त्या ठेक्याला नवे रूप आले. तेथेही वाहन होते कॅसेट. घरगुती यंत्रावर भरलेली, हातोहात विकलेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये पोलिसांनी सान हुआन येथील दुकानांवर छापे घालून ही कॅसेट अश्लील म्हणून जप्त केली.

या कॅसेटांत एकाच ठेक्यावर अनेक गायक न थांबता एकामागून एक येत. वेष्टनावर भरवसा नव्हता. म्हणून गायक गाण्यातच आपले नाव पुकारू लागला. ही लकब आजही त्या संगीताची खूण आहे. मी ती प्रथम ऐकली तेव्हा मला वामनदादांची मुद्राच आठवली. दोन्हींमध्ये कसलाही संपर्क नाही. गरज सारखी होती, उपाय सारखा निघाला.

या प्रवाहातील तेगो काल्देरॉन या काळ्या गायकाची वाटचाल आपण अभ्यासावी अशी आहे. त्याचा जन्म १९७२ सालचा. २००२ साली त्याचा पहिला अल्बम आला, 'एल अबायार्दे'. अबायार्दे म्हणजे कडकडून चावणारी लहानशी लाल मुंगी. त्यात त्याने 'बोंबा' नावाचे वाद्यसंगीत वापरले. आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ निराळा, पण हेही एका अर्थी बोंबलून सांगणेच होते. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचे ते ढोल. तेथील गुलामगिरी कायद्याने संपली १८७३ साली. त्या गुलामांच्या वंशजांचे गाव लोइसा. त्या नावाचे गाणेही या अल्बमात आहे. २००६ साली एका बड्या अमेरिकन कंपनीने त्याचा अल्बम काढला, त्याचे नाव 'कमी लेखलेला' अशा अर्थाचे. तोपर्यंत रेगेटॉन जगभर विकले जाऊ लागले होते, आणि जसजसे ते विकले गेले तसतसे वेष्टनावरचे चेहरे उजळ होत गेले. फेब्रुवारी २००७ मध्ये तेगोने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लेख लिहिला. लॅटिन अमेरिकेत काळ्या माणसाला पडद्यावर, मासिकांत जागा नाही आणि त्याला स्वतःचे काळेपण नाकारायला शिकवले जाते, असे त्याने स्पष्ट मांडले. ठेका काळ्यांचा आणि चेहरा दुसऱ्याचा, हीच त्याची तक्रार.

फरक आहे तो असा. तेगोला बाजारात आपला रंग लपवता येत नव्हता. त्याचा चेहरा बाजूला सारला गेला. आपल्या गायकाची जात आवाजातून कळत नव्हती. त्याचा आवाज चालला, ओळख चालली नाही. दोन्हीकडे अल्बम हा सौदाच होता. घेणाऱ्याला गाणे हवे होते, गाणाऱ्याचा इतिहास नको होता.

स्त्रीच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. १९८० च्या दशकात आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे गाजले आणि द्व्यर्थी गाण्यांच्या कॅसेटांचा बाजार फोफावला. रेगेटॉनवरही असाच आक्षेप आहे. नाक मुरडणाऱ्या पांढरपेशांनी आपल्या वरातीत हीच गाणी वाजवली, हा त्यांचा दांभिकपणा. पण त्यांच्या दांभिकपणामुळे बाईच्या अवमूल्यनाला सूट मिळत नाही. रेगेटॉनमध्ये आयव्ही क्वीन या गायिकेने २००३ साली ठणकावले की नाचायला तयार असणे म्हणजे अंथरुणाला तयार असणे नव्हे. आपल्याकडे कडूबाई खरात एकतारीवर गात राहिल्या. कोणत्याही कंपनीच्या आधी मोबाईलने त्यांना महाराष्ट्रभर पोचवले. सोयराबाईला ज्या सहीसाठी नवऱ्याचे नाव घ्यावे लागले, ती सही कडूबाई स्वतःच्या नावाने करतात.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि त्याच वर्षी जून महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. एक पिढी दोन महिन्यांत संपली. २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील दूरदर्शन मालिकेचे शीर्षकगीत प्रल्हाद शिंदे यांच्या नातवांनी, आदर्श आणि उत्कर्ष शिंदे यांनी केले. आजोबांच्या काळात ज्या विषयाला बाजार नव्हता, तो आता बाजारात आला आहे. याचे स्वागत करावे, आणि म्हणूनच सावधही असावे.

कारण नाव हा आता केवळ सन्मानाचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्या कायद्याप्रमाणे गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादांच्या गीतांच्या बाबतीत तो २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात वाटा मागण्याचा हक्क दिला. पण गाणे 'लोकगीत' म्हणून नोंदले गेले की मागणाराच उरत नाही. कर्ता पुसणाऱ्या त्या एका शब्दाची किंमत रुपयांत मोजावी लागते, आणि ती कवीच्या घरचे लोक मोजतात.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयातील इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील कॅसेट गोळा कराव्यात. प्रत्येकीसाठी एक कागद करावा: गायक, कवी, चाल कोणाची, ढोलकी कोणाची, कोणत्या साली व कोठून आणली, कोणत्या जयंतीला वाजली. वेष्टन गप्प असेल तर शेवटचे कडवे ऐकावे. तेही गप्प असेल तर वस्तीतील म्हाताऱ्यांना विचारावे. माझ्या विद्यार्थ्यांनी मुकुटबनपासून हे काम सुरू केले आहे. २०२२ पासून येथे सिमेंटचा मोठा कारखाना चालू आहे. गाव बदलते आहे, जुनी घरे पडताहेत, आणि घरे पडली की कॅसेटचे डबे उकिरड्यावर जातात. फीतही फार वर्षे टिकत नाही. तिला बुरशी लागते, आवाज उडतो. आवाज पुरता उडण्याच्या आत नाव उतरवून घेणे, एवढे काम आपल्या पिढीला करता येण्यासारखे आहे.