काल्पनिक वाहनांचे खरे सुटे भाग



आजचा विषय थोडा गमतीचा आहे. जे वाहन जगात कधी धावले नाही की उडाले नाही, त्याची लहानशी प्रतिकृती माणूस कशी घडवतो, आणि घडवताना तिचे भाग कुठून आणतो, एवढेच आज पाहायचे आहे. तुम्ही म्हणाल, हा तर पोराटोरांचा खेळ, यात इतिहास तो कसला? पण मंडळी, इतिहास केवळ सनदा, तहनामे आणि शिलालेख यांतच असतो असे नाही. तो खेळण्यातही असतो. सनद लिहिणारा कारकून शब्द जपून वापरतो. खेळणे करणाऱ्याला मात्र आपण पुढच्यांसाठी साक्ष ठेवीत आहोत याचा पत्ताही नसतो, म्हणून त्याची साक्ष पुष्कळदा सरळ असते.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाताना वाटेत प्रवरासंगम लागतो. तेथे गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठाने वर गेले, की श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद हे ओसाड ठिकाण येते. १९५८ साली ते पुरातत्त्वज्ञांच्या नजरेस आले, आणि पुढे तेथे तीन वेळा उत्खनन झाले. १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणून काढताना धातूच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. एक रथ, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक! रथ ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद. त्याला दोन बैल जुंपलेले आहेत, आणि मागे हाकणारा माणूस उभा आहे. त्यांचा नेमका काळ कोणता आणि त्यांचा उपयोग काय होता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण बहुतेक जण त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात.

आता खरी गंमत ऐका. गेंडा आणि रेडा हे चक्क चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या चौथऱ्यालाही आस ओवण्यासाठी भोके आहेत. चाकांवर चालणारा गेंडा कुणी पाहिला आहे का? कारागिराला गेंडा ठाऊक होता, चाकही ठाऊक होते. दोन ठाऊक गोष्टी त्याने एकत्र आणल्या, आणि जगात नसलेली तिसरी तयार झाली. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचा लाकडी नंदी ओढीत नेतात, त्याचीच ही फार जुनी भावंडे म्हणा ना! आणि दायमाबादची चाके कशी आहेत? भरीव, आऱ्यांवाचूनची. हडप्पा संस्कृतीच्या मातीच्या खेळगाड्यांनाही बहुधा अशीच भरीव चाके असत. म्हणजे प्राणी कल्पनेने गाडीवर चढवला, पण चाक मात्र आपल्या डोळ्यांसमोरचेच लावले.

यातून एक नियम हाती लागतो. काल्पनिक वाहनाचा आकार कल्पनेतला असतो, पण त्याचे भाग करणाऱ्याच्या काळातले असतात. तेव्हा असे वाहन समोर आले, की ते कुठे जाणार आहे हे विचारण्याआधी त्याचे भाग कुठून आले हे विचारावे. त्याचा काळ तिथे कळतो.

हा नियम जरा पारखून पाहू. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८६५ साली माणसांना चंद्राकडे पाठवणारी कादंबरी लिहिली. तिचे मराठी रूप १९०० साली ‘केरळ कोकिळ’ मासिकात येऊ लागले, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळ जण तिथूनच धरतात. पुढे भा. रा. भागवतांनी ही कथा मराठी मुलांपर्यंत नेली. व्हर्नने आपले तीन प्रवासी चंद्राकडे कशाने पाठवले? तोफेने! ९०० फूट लांबीची तोफ आणि तिच्यात पोकळ गोळा. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ सालीच संपले होते, तोफांची चर्चा सर्वतोमुखी होती, आणि कथेतली मंडळीही लढाई संपल्याने रिकामी झालेली तोफखान्याची माणसेच आहेत. १९०२ साली फ्रान्समध्येच जॉर्ज मेलिएस या जादूगाराने चंद्रप्रवासाचा चित्रपट काढला, तेव्हा त्यातले यानही तोफेच्या गोळ्यासारखेच होते. १९६९ साली माणूस खरोखर चंद्रावर गेला तो अग्निबाणाने गेला. तोफेच्या धक्क्याने तो जागीच चिरडला असता. पण १८६५ साली लेखकाच्या हाताशी सर्वांत दांडगा ‘सुटा भाग’ तोफ हाच होता.

हाच नियम आपल्याकडच्या एका नाजूक प्रश्नावरही प्रकाश टाकतो. ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा एक ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. त्यात विमानांची चित्रे आहेत. टप्प्याटप्प्यांच्या शिखरासारखे उंच विमान, पक्ष्याच्या पंखांचे विमान, अशी ती मोठी देखणी आहेत. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी हा ग्रंथ बारकाईने तपासला. त्यांना काय आढळले? ग्रंथाचे लेखन विसाव्या शतकाच्या आरंभीचे, १९०४ च्या आधीचे नव्हे. चित्रे १९२३ च्या सुमारास एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढलेली. तो अभियांत्रिकी महाविद्यालयाशी संबंधित होता, त्यामुळे आधुनिक यंत्रांची त्याला माहिती होती, आणि ती यंत्रे चित्रांत उतरली. यातले एकही विमान उडण्याजोगे नाही, असा निष्कर्ष त्या पाच जणांनी काढला. म्हणजे इथेही काळ सांगितला तो सुट्या भागांनीच.

यात पुष्पक विमानाचा किंवा रामायणाचा उणेपणा काही नाही, बरं का! कवीने आकाशात वाहन चालवले, ही कल्पनेची मोठी झेप आहे, आणि कल्पना म्हणून ती शंभर नंबरी आहे. पण कल्पनेला यंत्राचा दाखला जोडला, की कल्पनाही बिघडते आणि यंत्रविद्याही. वर्गात एखादा मुलगा हा प्रश्न विचारतोच. त्याला दटावू नये, आणि खोटा अभिमानही देऊ नये. “बाळा, या चित्रातले भाग कोणत्या काळातले दिसतात ते आपण पाहू या,” असे म्हणून चित्र त्याच्यापुढे ठेवावे. उत्तर तोच काढील.

आता प्रतिकृतींकडे येऊ. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रपटांसाठी अंतराळयानांच्या प्रतिकृती लागू लागल्या. बाजारात जोडायच्या प्लास्टिकच्या संचांचे खोके मिळत. त्यांतून रणगाडा, युद्धनौका किंवा मोटार जोडता येई. कारागिरांनी युक्ती अशी केली, की असे अनेक खोके फोडायचे, सगळे भाग एकत्र करायचे, आणि त्यांतून हवे ते यान उभे करायचे. रणगाड्याचे दांतेचाक यानाच्या पाठीवर बसे, युद्धनौकेचा भाग नळकांड्याशेजारी बसे. या रीतीला तिकडे किटबॅशिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्‌स’ या दूरचित्रवाणी मालिकेत तर यानाच्या तळघराच्या भिंतीवर स्वयंपाकघरातले लिंबू पिळायचे यंत्र बसवले होते! १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातल्या यानांवर आणि १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या यानांवर अशा संचांचे असंख्य तुकडे आहेत. कथा दूरच्या आकाशगंगेची, पण यानांच्या अंगावर दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे आणि विमाने! तेव्हा हेही आपल्या नियमाबाहेरचे नाही.

इतकी बारीक खटपट कशासाठी? तर गुळगुळीत वस्तू डोळ्याला लहान वाटते. तिच्यावर बारीक नळ्या, झाकणे, जाळ्या, शिड्या आल्या, की तीच वस्तू अवाढव्य वाटू लागते. दुसरी गोष्ट प्रमाणाची. यानाला दार असेल तर माणूस केवढा हे दारावरून कळते, आणि माणसावरून यान केवढे हे कळते. समजा, १ : ५० हे प्रमाण धरले. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस ३.४ सेंटिमीटरचा होईल, दोन मीटरचे दार ४ सेंटिमीटरचे होईल, आणि ४० सेंटिमीटरचे यान खऱ्यात २० मीटर लांब ठरेल. दार एका प्रमाणात आणि शिडी दुसऱ्या प्रमाणात लावली, की सगळे सोंग उघडे पडते. गुणोत्तर आणि प्रमाण शिकवायला याहून चांगला धडा कुठला? तिसरी गोष्ट रंगाची. सगळे जोडून झाल्यावर आधी एकच राखाडी रंग द्यायचा. मग झाकण झाकण राहत नाही आणि चाक चाक राहत नाही, सगळे मिळून एक यंत्र होते.

“पण एवढे महागडे संच आमच्या शाळेत कुठले?” असे कोणी गुरुजी म्हणतील. संच लागतच नाहीत. आपल्याकडे काडेपेटीपासून सुरुवात करणारे लोक होऊन गेले आहेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला, त्यात निर्जीव आगकाड्या पडद्यावर हालत्या झाल्या. पुढे अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले अभियंते, पुण्याच्या टेल्को कारखान्यात असताना, १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून त्रिकोण, घन, घराचे सांगाडे करण्याची रीत काढली. पुढे ते पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून खेळणी करीत राहिले. या ‘आयुका’चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. त्यांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. मराठी विज्ञानकथा आणि टाकाऊतली खेळणी, दोघींनाही एकाच संस्थेचा आधार लाभला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

आणि मराठवाड्यात सुट्या भागांना काय तोटा? वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. गावोगावी गॅरेजे आहेत, भंगाराची दुकाने आहेत. निकामी बेअरिंग, ठिबकच्या नळीचे तुकडे, बाटल्यांची झाकणे, संपलेले पेन, मोडके कॅल्क्युलेटर, गोळ्यांची रिकामी पाकिटे, पुठ्ठा, खराट्याच्या काड्या, एवढ्यावर वर्गातल्या चार टोळ्यांची चार याने होतील. मात्र काही वस्तू कटाक्षाने टाळाव्यात. औषध फवारणीचे डबे आणि पंपाचे भाग, दवाखान्यातल्या सुया, फुगलेल्या बॅटऱ्या यांना मुलांनी हातही लावू नये. काड्यांचा गुल शिक्षकांनी स्वतः काढून द्यावा.

एक काम मात्र विसरू नये. प्रत्येक टोळीने यानाबरोबर एक वही ठेवावी, आणि कोणता भाग कशाचा, कुणाच्या घरचा, पूर्वी त्याचे काम काय होते, हे तीत लिहावे. ‘इंजिनाचे तोंड: आजोबांच्या कंदिलाची बरणी.’ ‘मागचे चाक: काकांच्या मोपेडचे बेअरिंग.’ दायमाबादच्या कारागिराने अशी वही ठेवली असती, तर त्या चाकांच्या गेंड्याविषयी विद्वानांना आज इतके वाद घालावे लागले नसते. मुलांची याने आकाशात जाणार नाहीत, आणि जातील असे त्यांना सांगूही नये. पण आपल्या गावात या वर्षी कोणती यंत्रे होती, कोणती मोडली आणि कोणती टाकून दिली, याचा खरा दाखला त्या वहीत राहील. शाळेच्या कपाटात यानाशेजारी तिला जागा द्यावी.