चिकोरी
सूर्यफुलाच्या कुलातील निळ्या फुलांची बहुवर्षायू वनस्पती. दुसरे नाव कासनी, शास्त्रीय नाव सिकोरियम इंटायबस. तिचे भाजून दळलेले मूळ कॉफीत मिसळतात. भारतात व्यापारी लागवड मुख्यतः गुजरात व उत्तर प्रदेशात होते. परसबागेत मात्र ती विनाकारण दुर्लक्षित राहिली आहे. गेवराई तालुक्यातील (जि. बीड) उमापूरसारख्या कोरड्या हवेच्या गावी ती रब्बीत, ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये पेरावी. खरी अडचण मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीची : तीत सोटमूळ सरळ न वाढता फाटे फोडते आणि पाणी साचले की कुजते. म्हणून वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळून उंच गादीवाफा करावा. बारीक बी जेमतेम १ सेंमी. खोल पेरून रोपे १५–२० सेंमी. अंतरावर विरळावीत. पाणी बेताचे, पण नियमित द्यावे. पाने कोवळी असतानाच खुडावीत. ऊन तापले की ती फार कडू होतात.